ऋषीचं कूळ, नदीचं मूळ

आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एक काका राहतात. काकू गेल्या त्याला तीन वर्षं झाली. काकूंनी लावलेल्या कुंड्या मात्र काकांनी जगवल्या आहेत. त्यात जास्वंद आहे, एक्झोरा आहे, कसलासा लाल फुलांचा वेल आहे. गेल्या हिवाळ्यात लिफ्टपाशी त्यांनी मला थांबवलं आणि मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. जास्वंदीच्या देठाला लटकून मध पिणारा, उन्हात निळाजांभळा चमकणारा एवढासा पक्षी. "हमिंगबर्ड येतो आपल्याकडे," काका म्हणाले. "रोज साडेसातला. मी चहा घेऊन बसलो की हजर."

मी पंधरा वर्षं पक्षी बघतोय. अशा वेळी तोंड बंद ठेवणं मला जमत नाही. "काका, हमिंगबर्ड भारतात नसतात. हा शिंजीर आहे, जांभळा शिंजीर."

"असं होय," म्हणून काकांनी मोबाइल खिशात टाकला.

पुढे काही दिवसांनी जिन्यात भेटले तेव्हा मी विचारलं, "येतो का पाहुणा?" ते म्हणाले, "कोण? तो तुझा शिंजीर? येतो अधूनमधून."

'तुझा' हा शब्द मला लागला. रोज साडेसातला येणारा काकांचा पक्षी माझा झाला होता, आणि अधूनमधून येऊ लागला होता. मी खोटं काहीच बोललो नव्हतो. तरी खऱ्या नावाने काहीतरी हिरावून घेतलं होतं. हा लेख त्या अस्वस्थतेतून आला आहे. प्रश्न साधा आहे: एखाद्या जिवाला योग्य खान्यात ठेवल्यानं आपण त्याला काय देतो, आणि काय काढून घेतो?

*

आधी माझ्या बाजूचा पुरावा. हमिंगबर्डच्या साडेतीनशेहून अधिक जाती आज आहेत आणि त्या सगळ्या अमेरिका खंडांत, अलास्कापासून पार दक्षिण टोकापर्यंत. सर्वाधिक वैविध्य उष्ण कटिबंधात आणि अँडीज पर्वताच्या उतारांवर. त्यांचे जवळचे नातेवाईक म्हणजे पाकोळ्या. शिंजीर मात्र चिमण्या-कावळ्यांच्या मोठ्या गणातला. दोघांनी मध पिण्याचा धंदा वेगवेगळ्या खंडांत, स्वतंत्रपणे सुरू केला आणि धंद्यानं दोघांना सारखा घाट दिला: लांब चोच, नळीसारखी जीभ, धातूसारखी चमक. दोन गावांतले, एकमेकांशी नातं नसलेले सुतार हातांवरच्या घट्ट्यांमुळे भाऊ वाटावेत, तसं.

पण या 'भारतात नसतात'लाही एक तळटीप आहे. जर्मनीत सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीचे हमिंगबर्डसारख्या पक्ष्याचे जीवाश्म सापडले आहेत. २००४ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं तेव्हा 'हमिंगबर्ड म्हणजे फक्त अमेरिका' या समजाला तडा गेला. म्हणजे माझं विधान आजपुरतं खरं होतं. मी ते कायमचं असल्यासारखं बोललो होतो.

*

हमिंगबर्ड म्हटलं की रत्नासारखे पक्षी डोळ्यांपुढे येतात. पण या कुळात एक शाखा अशी आहे जिने हा थाट नाकारलाय. इंग्रजीत त्यांना हर्मिट म्हणतात, म्हणजे एकांतात राहणारे तपस्वी, बैरागी. तपकिरी, राखाडी, मातकट रंग. चोच बहुधा लांब आणि खाली वाकलेली. वस्ती दाट जंगलाच्या तळाशी, जिथे ऊन कवडशांनीच पोचतं. इतर अनेक हमिंगबर्ड एखादं फुललेलं झाड पकडतात आणि मालकासारखे त्याची राखण करतात. बैरागी तसं करत नाहीत. ते ठरलेल्या लांब वाटेने फिरतात, दूरदूरच्या एकट्या फुलांपाशी क्षणभर थांबून थोडा थोडा मध घेत. आपल्याकडे याला फार जुना शब्द आहे: माधुकरी. पाच घरं मागायची, एकाच घरावर भार टाकायचा नाही.

घरटंही तसंच. ताडाच्या किंवा हेलिकोनियाच्या लोंबत्या पानाच्या टोकाशी, आतल्या बाजूला, कोळ्याच्या जाळ्याच्या तंतूंनी चिकटवलेला एक निमुळता कप. वर पानाचं छप्पर, खाली लोंबणारी शेपटी. पिल्लं वाढवण्याचं काम एकट्या मादीचं. नर जंगलात ठरलेल्या ठिकाणी जमतात आणि दिवसाचे तासन्‌तास तेच ते छोटं गाणं म्हणत बसतात. मादी येते, ऐकते, निवडते.

वर्गीकरणाच्या दृष्टीनं हे पक्षी म्हणजे डोकेदुखी. रत्नासारख्या हमिंगबर्डांत गळ्याचा रंग बघून बरंच ठरवता येतं. इथे एका तपकिरीपासून दुसरी तपकिरी वेगळी करायची असते. छातीवर काळा पट्टा आहे की नाही, शेपटीच्या कडा पांढऱ्या की पिवळट, कंबर किती तांबूस. फरक खरा असतो तो गाण्यात. आणि हमिंगबर्ड गाणं शिकतात. पोपट आणि गाणारे पक्षी यांच्याबरोबर, आवाज शिकू शकणाऱ्या पक्ष्यांच्या मोजक्या गटांत ते येतात. त्रिनिदादमधल्या छोट्या हर्मिटचा अभ्यास करणाऱ्यांना दिसलं की एकाच जमावात शेजारी-शेजारी बसणारे नर एकसारखं गाणं म्हणतात आणि थोड्या अंतरावरच्या टोळक्याचं गाणं वेगळं असतं. दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. यांच्यात ती हाकेच्या अंतरावर बदलते. मग गाण्यातला फरक बोलीचा समजायचा की जातीचा?

*

ॲमेझॉनला दक्षिणेकडून मिळणारी तापाजोस ही मोठी नदी. तिच्या पूर्वेला शिंगू. या दोन नद्यांमधल्या जंगलात एक छोटा बैरागी राहतो. कंबर तांबूस, विझत आलेल्या निखाऱ्यासारखी. १९५० मध्ये न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीतल्या जॉन टॉड झिमर यांनी त्याचं वर्णन केलं आणि त्याला एका आधीच माहीत असलेल्या जातीची उपजात म्हणून नोंदवलं. म्हणजे स्वतंत्र घर नाही, दुसऱ्याच्या घरातली एक खोली.

१९९६ मध्ये ती खोलीही गेली. हर्मिट पक्ष्यांचे जाणकार क्रिस्टॉफ हिंकेलमान यांनी उपलब्ध कातडी तपासून मत मांडलं की ही उपजातसुद्धा नव्हे, दोन शेजारी जातींचा हा संकर आहे. नमुने थोडे होते, लक्षणं दोन्हींकडची वाटत होती. तर्क अप्रामाणिक नव्हता.

मग २००९ मध्ये व्हिटोर पियासेन्तिनी, आलेशांद्रे आलेशो आणि लुईस फाबिओ सिल्व्हेरा या तीन ब्राझिली संशोधकांनी प्रश्न पुन्हा उघडला. नवे नमुने पाहिले, जंगलात जाऊन पक्षी पाहिले. रंगांची ठेवण सगळीकडे एकसारखी निघाली. संकरांत अपेक्षित असलेला 'कुणी आईवर, कुणी बापावर' असा पसारा दिसला नाही. नर आपल्या जमावात गात होते. त्यांनी निष्कर्ष काढला: हा संकर नाही, उपजात नाही, ही स्वतंत्र जात आहे. आज तो तापाजोस हर्मिट म्हणून ओळखला जातो.

एकूण ५९ वर्षं. पक्षी त्या काळात नेमका कोण होता? तो रोज सकाळी उठून माधुकरीला जात होता. त्याच्या पंखांतलं पीसही बदललं नाही. आपल्याकडे म्हण आहे: ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये. इथे तर ऋषी आणि नदी दोन्ही एका नावात आले आहेत, आणि माणसांनी शोधण्याचा हट्ट सोडला नाही.

सोडायला हवा होता का? थांबा. त्याच ५९ वर्षांत त्या जंगलातून काय गेलं तेही पाहू. १९७० च्या दशकात कुइआबा ते सांतारेंम असा बीआर-१६३ हा रस्ता तापाजोस खोऱ्यातून काढला गेला. रस्त्यामागून लाकूडतोड आली, गुरांची कुरणं आली, सोयाबीनचे ट्रक आले. अशा रस्त्याच्या कडेचं जंगल वाचवायचं की नाही, याची चर्चा जेव्हा होते तेव्हा टेबलावर यादी असते: इथे जगात अन्यत्र न सापडणाऱ्या जाती किती? त्या यादीत जातीला ओळ मिळते. आययूसीएनच्या लाल यादीत संकरांना सहसा जागा नसते. म्हणजे १९९६ ते २००९ या काळात तापाजोसच्या बैराग्याची बाजू मांडायला कागदावर कुणी उभं राहू शकलं नसतं, कारण कागदाच्या मते तो कुणी नव्हताच.

पक्ष्याला नावाची गरज नाही हे खरं. त्याच्या जंगलाला मात्र होती.

*

इथे मला आपल्या भाषेकडे वळावं लागतं, कारण वर मी दोन शब्द सहज वापरले: जात आणि संकर.

इंग्रजीत ज्याला स्पीशीज म्हणतात त्याला मराठी विश्वकोशात 'जाती' म्हणतात आणि जीनसला 'प्रजाती'. हल्ली वर्तमानपत्रं स्पीशीजलाच 'प्रजाती' लिहितात. शास्त्राच्या दृष्टीनं चूक आहे, पण ती चूक का रुळली याचा मला अंदाज आहे. 'जात' लिहिताना हात अडखळतो. आंब्याची जात, तांदळाची जात इथपर्यंत ठीक. सजीवाबद्दल, त्यातही 'उच्च' आणि 'दुय्यम' असं बोलू लागलो की शब्दाच्या मागे आपलं सगळं घर उभं राहतं.

'संकर' त्याहून अवघड. संकरित ज्वारी, संकरित गाय आपण अभिमानानं सांगतो, कारण उत्पन्न जास्त. पण या शब्दाची जुनी सोबत 'वर्णसंकर' आहे. गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुनाच्या तोंडी तो भीतीचा शब्द म्हणून येतो. शेकडो वर्षं या शब्दानं माणसांची लग्नं मोडली आहेत, मुलांना वाळीत टाकलंय. म्हणून एखादा पक्षी 'जात नाही, नुसता संकर निघाला' असं वाचताना आपल्या मनात जी किंचित घसरण होते, ती जीवशास्त्रातून आलेली नाही. ती आपल्या घरातून आली आहे. इंग्रजी वाचकही यातून सुटलेला नसावा. तिथेही टॅक्सॉनला 'दर्जा' असतो, त्याची 'बढती' होते, 'पदावनती' होते. हे कार्यालयाचे शब्द आहेत, जंगलाचे नव्हेत.

खाना बदलला की हक्क बदलतात, हे आपल्याला दूर जाऊन शिकायला नको. कोकणी ही स्वतंत्र भाषा की मराठीची बोली, हा वाद किती तापला होता ते जुन्या वाचकांना आठवत असेल. १९७५ मध्ये साहित्य अकादमीनं कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा मानलं, १९९२ मध्ये ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. त्या तारखेच्या आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मडगावच्या बाजारात मासळी विकणारी बाई तेच शब्द बोलत होती. पण शाळेचं पुस्तक, पुरस्कार, नोकरीची परीक्षा यांचं दार त्या तारखेनं उघडलं. 'शेवटी नावच ना?' असं म्हणणारा माणूस बहुधा ज्याचं नाव आधीच यादीत आहे असा असतो.

*

आता उलटी गोष्ट. हिचं गाव कोलंबिया.

एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या बायकांच्या टोप्यांवर हमिंगबर्ड बसवायची फॅशन होती. बोगोटा हे या व्यापाराचं मोठं केंद्र. आजूबाजूच्या डोंगरांतून पक्षी मारून आणायचे, कातडी सुकवायची, पेट्या भरून पाठवायच्या. किती गेली याचा नीट हिशेब कुणीच ठेवला नाही. संग्रहालयांना या ढिगांतून नवनव्या जाती मिळत गेल्या. पक्षिशास्त्रात 'बोगोटा कातडी' असा शब्दप्रयोगच आहे. लेबलावर बोगोटा लिहिलंय याचा अर्थ पक्षी तिथला असा होत नाही, तिथल्या बाजारात विकत मिळाला एवढाच होतो.

हमिंगबर्डच्या वर्गीकरणाचा पाया या ढिगावर उभा आहे, हे विसरता येत नाही. जॉन गोल्ड या इंग्रज पक्षितज्ज्ञानं १८४९ ते १८६१ या काळात हमिंगबर्डवरचा भव्य सचित्र ग्रंथ काढला. १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनाच्या वर्षी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात त्यानं आपले पेंढा भरलेले हमिंगबर्ड मांडले आणि राणी व्हिक्टोरियाही बघून गेली. तोपर्यंत गोल्डनं एकही जिवंत हमिंगबर्ड पाहिला नव्हता. तो योग १८५७ मध्ये, अमेरिकेच्या दौऱ्यात आला. ज्यांची नावं, कुळं, रंग त्याला तोंडपाठ होते, त्यांचा आवाज त्यानं ऐकला नव्हता. बैराग्यांच्या बाबतीत तर आवाज हीच ओळख.

तर १९०९ मध्ये एर्मानो निसेफोरो मारिया या धर्मबंधूनं बोगोटात एक हमिंगबर्डचं कातडं विकत घेतलं. निळसर, लांब दुभंगलेल्या शेपटीचं. तसं दुसरं कुणाकडेच नव्हतं. ते पुढे फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात पोचलं आणि तिथे अनेक दशकं पडून राहिलं. १९९३ मध्ये गॅरी ग्रेव्हज यांनी त्या एकट्या कातड्यावरून नवी जात जाहीर केली आणि रिचर्ड झुसी या पक्षितज्ज्ञांचं नाव तिला दिलं. इंग्रजीत बोगोटा सनएंजल, म्हणजे बोगोटाचा सूर्यदूत. जिवंत पक्षी कुणालाच माहीत नव्हता, म्हणून तो बहुधा संपला असावा असं अनेकांनी मानलं. काहींना सुरुवातीपासून संकराचा संशय होता. पुढे शंभर वर्षांच्या त्या कातड्यातून डीएनए काढला गेला. २०१० च्या सुमारास प्रसिद्ध झालेला तो निष्कर्ष स्वतंत्र जातीच्या बाजूनं लागला. हळहळण्याजोगी कथा पूर्ण झाली: माणसानं टोपीसाठी मारलेल्या पक्ष्यांत एक जात होती, तिचा शेवटचा पुरावा आपल्या खणात आहे.

मग २०११ मध्ये बोयाका भागातल्या रोगितामा या खासगी राखीव जंगलात त्याच्याशी फार मिळताजुळता एक पक्षी दिसला. बातमी आनंदाची होती. पण त्या जिवंत पक्ष्याच्या अभ्यासातून तो संकर असल्याचं पुढे आलं आणि १९०९ च्या कातड्याकडेही पुन्हा संशयानं पाहिलं जाऊ लागलं. माइटोकाँड्रियातला डीएनए फक्त आईकडून येतो. त्यावरून बाप कळत नाही.

मराठीत संपलेल्या जातीला आपण 'नामशेष' म्हणतो, ज्याचं फक्त नाव उरलंय असं. या पक्ष्याचं उलटं झालं. शरीर उरलं, खणात कापूस भरून ठेवलेलं, आणि नावच डळमळीत झालं. आता मला स्वतःला एक प्रश्न विचारावासा वाटतो. तो 'शेवटचा' आहे असं वाचलं तेव्हा मला जे दुःख झालं, ते तो 'नुसता संकर' असं कळल्यावर ओसरलं. का? १९०९ च्या आधी कधीतरी कुण्या डोंगरात एक निळा पक्षी मारला गेला. तो मारला जाताना त्याला जे झालं असेल त्यात जातीचा काय संबंध? खरं तर संकर असेल तर तो अधिकच एकटा. त्याच्यासारखं दुसरं कुणीच नव्हतं.

*

इथून घाईनं एक निष्कर्ष काढता येईल: खाने खोटे, जीव खरा, वर्गीकरण सोडा, करुणा धरा. असं लिहिलं की लेख गोड संपतो. पण मला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगतो.

मरण एकट्याचं असतं. नामशेष होणं मात्र जातीचंच असतं. तापाजोसच्या जंगलात उद्या हजार बैरागी मेले तर ती हजार मरणं. शेवटचे दोन मेले तर त्यात मरणं दोनच, पण आणखी काहीतरी जातं: लाखो वर्षं चालत आलेली एक वाट, एक गाणं, काही फुलांचा पराग नेणारी एक विशिष्ट वाकलेली चोच. ही हानी दिसायला 'जात' नावाची कल्पना लागतेच. प्रत्येक पक्ष्याकडे फक्त एकटा पक्षी म्हणून पाहणारी करुणा या हानीपुढे आंधळी राहील.

आणि खाना चुकीचा असेल तर माणूस समोरचं असून बघत नाही. अँडीजमधला महाकाय हमिंगबर्ड, साळुंकीहून लहान पण या कुळात सर्वांत मोठा, सगळ्यांच्या ओळखीचा. त्याला दीडशेहून अधिक वर्षं एकच जात मानत होते. चिलीच्या किनाऱ्याकडे वीण करणाऱ्या काही पक्ष्यांच्या पाठीवर संशोधकांनी इवली यंत्रं बसवली. ते पक्षी पेरूच्या डोंगरांत चार हजार मीटरहून उंच निघून गेले आणि तिथे वर्षभर राहणाऱ्या, जवळपास तशाच दिसणाऱ्या पक्ष्यांत मिसळले. जनुकं तपासली तेव्हा कळलं की दोघांच्या वाटा वीस लाखांहून अधिक वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या आहेत. २०२४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. एका नावाखाली दोन असताना त्यातला एक हळूहळू आटला असता, तर दुसऱ्याच्या गर्दीत कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

आपल्या सह्याद्रीतही असाच एक आहे. विगर्सचा शिंजीर, किरमिजी छातीचा. कर्नल साइक्सनं १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांच्या यादीत त्याचं वर्णन केलं. नंतर तो बराच काळ पूर्वेकडच्या किरमिजी शिंजिराची उपजात म्हणून जगला. या शतकात त्याला पुन्हा स्वतंत्र जात मानू लागले. तेव्हापासून पश्चिम घाटाच्या 'फक्त इथेच' या यादीत तो मोजला जातो. घाटासाठी भांडणाऱ्यांच्या हातात त्यामुळे एक ओळ वाढली.

म्हणून मी वर्गीकरण सोडा म्हणणार नाही. म्हणेन ते एवढंच की आपण दोन प्रश्न एकात गुंडाळतो. पहिला: हा कोण? दुसरा: याचं आपण काय लागतो? पहिल्याचं उत्तर पुराव्यानं द्यायचं आणि नवा पुरावा आला की बदलायचं. झिमर, हिंकेलमान आणि ते तीन ब्राझिली संशोधक यांनी तेच केलं. त्यात कुणाचाही अपमान नाही, पक्ष्याचाही नाही. दुसरा प्रश्न मात्र पहिल्याच्या निकालाची वाट बघत खोळंबू शकत नाही. ५९ वर्षांचा खटला चालू असताना खालचं जंगल तोडून टाकलं, तर निकाल कुणाला वाचून दाखवायचा?

आक्षेप येईल की पैसे आणि माणसं मोजकी असतात, निवड करावीच लागते, आणि निवडीला यादी लागते. मान्य. घरखर्चालाही वही लागते. पण वहीत ज्याची ओळ नाही तो उपाशी राहिला तर 'वहीत नव्हता' हे कारण होत नाही, ती वहीची उणीव ठरते. तापाजोसच्या जंगलाला वाचवण्यासाठी बैराग्याची जात सिद्ध व्हावी लागली, हे त्या पक्ष्याच्या भाग्यापेक्षा आपल्या हिशेबाबद्दल जास्त सांगतं. जिथे नर जमून गातात ती जागा, जिथे पानाखाली घरटं टांगता येतं ती राई, एवढं शाबूत ठेवायला कूळ कळायची गरज नसते.

त्या म्हणीचा अर्थ मला आता असा लागतो. शोधू नये असं तिला म्हणायचं नसेल. ऋषीच्या पाया पडण्याआधी, नदीचं पाणी पिण्याआधी शोधत बसू नये, एवढंच असेल.

*

बौद्ध तर्कशास्त्रात दिङ्नागानं नावांबद्दल एक विलक्षण गोष्ट मांडली. 'गाय' हा शब्द गाईपणा नावाच्या एखाद्या वस्तूकडे बोट दाखवत नाही, तो फक्त गाय नसलेल्या सगळ्यांना बाजूला सारतो. याला त्यानं अपोह म्हटलं. काकांना मी जे सांगितलं ते असंच होतं. मी त्यांच्या पक्ष्याबद्दल काही सांगितलंच नाही. तो काय नाही तेवढं सांगून निघून गेलो. 'शिंजीर' हा शब्द त्यांच्या कानावर पडला, पण त्याला चिकटून काहीच आलं नाही: ना त्याचं हेलकावणारं घरटं, ना विणीचा हंगाम सरल्यावर नराचा फिका पडणारा झगा, ना तो साडेसातलाच का येत असेल याबद्दल एखादा तर्क. नाव दिलं आणि ओळख करून दिली नाही.

या रविवारी मी वर गेलो. चहा झाला. मी त्यांना सांगितलं की दूर ब्राझीलच्या जंगलात हमिंगबर्डची एक बैरागी शाखा आहे, तिच्यातल्या एका मोठ्या प्रजातीचं शास्त्रीय नाव फेथॉर्निस. १८२७ मध्ये ठेवलेलं हे ग्रीक नाव, त्याचा अर्थ सूर्यपक्षी. आणि शिंजिरालाही मराठीत सूर्यपक्षी म्हणतात.

काकांनी थोडा विचार केला. "म्हणजे मी चुकलो ते दोनशे वर्षं आधीच कुणीतरी चुकून ठेवलंय."

"चूक नाही म्हणता येणार, काका."

"राहू दे," ते म्हणाले. "आता तो फिकट झालाय बघ. गळ्याखाली नुसती एक काळी रेघ उरलीये. आजारी आहे का तो?"

मी बाल्कनीच्या दारात जाऊन उभा राहिलो. जास्वंदीवर तो होता. मी त्याचं नाव घेतलं नाही. तो आजारी नाही, पिसं बदलतोय, एवढंच सांगितलं.